प्रार्थनेचा प्रतिवादी कोण?

मृग कोरडा गेला आणि आर्द्राही तशाच सरू लागल्या म्हणजे आमच्या मराठवाड्यात जे दृश्य दिसते ते वाचकांच्या परिचयाचे आहे. गावोगाव महादेवाच्या गाभाऱ्यात घागरीवर घागरी ओतून पिंड पाण्यात कोंडली जाते. अंगास कडुलिंबाचे डहाळे बांधलेली पोरे धोंडी मागत दारोदार फिरतात. मुसलमान बांधव ईदगाहावर जमून पावसासाठी नमाज पढतात. (प्यावयाच्या पाण्याचे दुर्भिक्ष असता ते पिंडीवर ओतणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न निराळा, तो तूर्त बाजूस ठेवू.) पाऊस पडला तर सर्वांचीच श्रद्धा फळास येते. न पडला तर आठ-पंधरा दिवसांत नांदेडच्या मोंढ्यात आणि लातूरच्या गंजगोलाईत एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : इतके हात जोडले, त्याचे झाले काय?

या प्रश्नास दोन ठराविक उत्तरे मिळतात. नवशिक्षित म्हणतो, देवच नाही, मग ऐकणार कोण? प्रवचनकार म्हणतो, धीर धरा, तुमच्या श्रद्धेची परीक्षा चालली आहे. पहिल्या उत्तराशी आज आम्हांस वाद घालावयाचा नाही. ज्यास प्रार्थनेची गरज भासत नाही त्याने ती करू नये, एवढे स्वातंत्र्य प्रत्येकास आहेच. आमची तक्रार आहे ती दुसऱ्या उत्तराविषयी. धीर हा मोठा गुण खरा, परंतु तो ज्याचा त्याने अंगी बाणवावयाचा असतो. पोट भरलेल्या मनुष्याने उपाशी मनुष्यास धीराचा उपदेश करावा, यात धर्म किती आणि सोय किती, याचा विचार या उपदेशकांनी केलेला दिसत नाही.

आमच्या व्यापारी वाचकांस येथेच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे प्रार्थना या नावाने जे चालते त्यातील पुष्कळसा भाग निव्वळ सौदा असतो. मुलास नोकरी लागली तर देवीला चांदीचे छत्र, खटला जिंकला तर खंडोबास अमुक आणि व्याह्याने हुंड्याचा आकडा कबूल केला तर तमुक. ही भाषा आडतीची आहे. देवावर मुदतीची हुंडी काढावयाची आणि मुदत टळली की देवाची पत गेली म्हणून बोंब मारावयाची! असल्या नवसास उत्तर मिळण्यास उशीर झाला तर त्याबद्दल हळहळण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. १८६७ साली मुंबईस प्रार्थना समाज निघाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्या तोलाची माणसे त्यात शिरली आणि ईश्वरोपासनेस या बाजारातून बाहेर काढण्यासाठी त्यांनी आपली विद्वत्ता खर्ची घातली. दीडशे वर्षे लोटली. बाजार चालूच आहे.

हा सौदा वजा जाता जी खरी कळकळीची प्रार्थना उरते तिच्याबद्दल आम्हांस बोलावयाचे आहे. आम्ही धंद्याने वकील. तेव्हा या प्रश्नाकडे वकिली दृष्टीने पाहण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. दिवाणी दाव्याच्या अखेरीस वादीला नेमके काय हवे ते मागितलेले असते. त्या परिच्छेदास इंग्रजी कायद्याच्या परिभाषेत ‘प्रेयर’, म्हणजे प्रार्थना, असेच नाव आहे. ती कितीही सुंदर शब्दांत लिहिली तरी दावा चालण्यास आणखी एक गोष्ट लागते : प्रतिवादी बरोबर असावा लागतो. बांध कोरला शेजाऱ्याने आणि दावा लावला तिसऱ्याच गृहस्थावर, तर तारखांवर तारखा पडतील, वकिलाची फी जाईल, आणि बांध होता तसाच राहील. देवाच्या दारी पडून राहिलेल्या आपल्या प्रार्थनांचे दप्तर कोणी उघडून पाहिले तर निम्म्याहून अधिक प्रार्थनांत प्रतिवादीच चुकला आहे असे आढळेल, अशी आमची समजूत आहे. मागणे देवाजवळ केलेले आहे. ते पुरविण्याचे सामर्थ्य मात्र देवाने केव्हाच मनुष्याच्या स्वाधीन केले आहे.

उदाहरणास दूर जावयास नको. १९३८ सालच्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात आणि लागोपाठ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात हिंदू विद्यार्थी आपल्या प्रार्थनागृहात ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. ती त्यांची प्रार्थनाच होती, आणि निजाम सरकारनेही तिचा अर्थ बरोबर ओळखला, म्हणूनच तिला मनाई केली. मुलांनी ती सोडली नाही. तेव्हा शेकडो विद्यार्थ्यांस काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांपैकी पुष्कळांस पदरात घेतले, हे नागपूरकरांचे उपकार मराठवाड्याने विसरू नयेत. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या बहिष्कृत विद्यार्थ्यांपैकीच एक. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली होती. ती उठण्यास १९४६ साल उजाडावे लागले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबईस, पुण्यास, नागपुरास तिरंगा चढला. नांदेडास आणि लातुरास चढला नाही. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते, आणि रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा याच लातुरात वकिली करीत असे. आमच्या व्यवसायाच्या इतिहासातील हे पान वाचताना मान खाली जाते. शेजारच्या घरी दिवाळी आणि आपल्या घरी अंधार, अशा स्थितीत या प्रांताने तेरा महिने काढले. कुटुंबेच्या कुटुंबे वऱ्हाडात आणि सोलापुराकडे निघून गेली; सरहद्दीवर शिबिरे उभी राहिली; कोणाचे दुकान लुटले गेले, कोणाचे गाव जाळले गेले. स्वातंत्र्य आले म्हणतात, मग ते आमच्या दाराशीच का अडले, असा प्रश्न त्या तेरा महिन्यांत किती देव्हाऱ्यांपुढे विचारला गेला असेल!

या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यासी होते. तिशी उलटण्यापूर्वीच त्यांनी भगवी वस्त्रे घेतली होती. संन्याशाने जपमाळ घेऊन मठात बसावे आणि राज्यकर्त्यांचे राज्यकर्ते पाहतील, असे म्हणणारे त्या काळी थोडे नव्हते. स्वामींनी ते ऐकले नाही. त्या तेरा महिन्यांतील बहुतेक काळ त्यांनी निजामाच्या तुरुंगात घालविला. प्रार्थना आणि उद्योग यांच्यामध्ये त्यांनी कधी भिंत घातली नाही, आणि उत्तर यावयास उशीर लागतो आहे म्हणून दोहोंपैकी एकही सोडले नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताची फौज संस्थानात शिरली, १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. उत्तर आले ते फौजी गाड्यांतून, माणसांच्या हातून. आणि ते यावे एवढी जमीन दहा वर्षे तुरुंगात, शिबिरांत आणि सरहद्दीवर राबलेल्या माणसांनी तयार करून ठेविली होती.

परंतु येथेच थांबलो तर आम्ही आमच्या पक्षाची वकिली केली असे होईल. आपली प्रार्थना फळास आली त्याच आठवड्यात याच जिल्ह्यांत दुसऱ्या काही घरांत प्रार्थना चालली होती : आज रात्र निभावू दे. ती घरे निरपराध मुसलमानांची होती. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या कारवाईत आणि तिच्यानंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत असा अंदाज दिला, आणि अत्याचारांनी सर्वांत अधिक पोळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्याबरोबर नांदेडचेही नाव घातले. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आलाच नाही. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे. म्हणून त्यांचा सूड अत्तरवाल्यावर आणि विणकरावर उगविणे न्याय्य ठरत नाही. त्या रात्रींच्या प्रार्थनांना उत्तर देणे आकाशातील कोणाच्या हाती नव्हते. ते गल्लीतल्या शेजाऱ्याच्या हाती होते. काही शेजाऱ्यांनी दार उघडले. पुष्कळांनी उघडले नाही. मुक्तिदिनी झेंडावंदन करताना हेही आठवले पाहिजे, असे आमचे मत आहे, आणि ते कोणास रुचले नाही तरी आमचा इलाज नाही.

नांदेडात राहणाऱ्यास चिकाटीचा आणखी एक नमुना पाहावयास मिळतो. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली येथे देह ठेविला, तेव्हापासून हे गाव शीख बांधवांचे तीर्थ झाले आहे. आमच्या नामदेवांची पदे त्यांच्या गुरुग्रंथात आहेत, तेव्हा नाते तसे दुहेरी. १९४७ च्या फाळणीत ननकाना साहिब आणि करतारपूर ही त्यांची परमपवित्र स्थाने पाकिस्तानात गेली. त्यानंतर शीख समाजाच्या नित्याच्या अरदासीत एक मागणे जोडले गेले : दुरावलेल्या गुरुद्वारांचे दर्शन मोकळेपणी घडू दे. करतारपूर सरहद्दीपासून अवघे चार-साडेचार किलोमीटर. डेरा बाबा नानक येथे चौथऱ्यावर उभे राहून लोक दुर्बिणीतून गुरुद्वाराचा घुमट पाहत आणि परत फिरत. जे आजोबांनी मागितले ते नातवाने मागितले. मधल्या काळात दोन देशांत लढाया होऊन गेल्या. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी गुरू नानकांच्या साडेपाचशेव्या जयंतीच्या तोंडावर तो मार्ग खुला झाला. बहात्तर वर्षे लागली. पुढे मार्च २०२० मध्ये साथीमुळे तो बंद झाला, नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा उघडला, आणि ७ मे २०२५ रोजी युद्धजन्य परिस्थितीत भारताच्या बाजूने पुन्हा बंद करण्यात आला.

नांदेडच्या किंवा अमृतसरच्या साध्या भाविकास परराष्ट्र खात्याची कळ फिरविता येत नव्हती. मग बहात्तर वर्षे रोज मागून त्याने काय मिळविले? आमचे उत्तर पुन्हा वकिली आहे. जमिनीच्या ताब्याचा दावा बारा वर्षांच्या आत लावला नाही तर मालकाचा हक्कच बुडतो. कायदा म्हणतो, जो आपल्या वस्तूबद्दल इतकी वर्षे बोलला नाही त्याची ती नव्हेच. रोजच्या अरदासीने ती मुदत कधी संपू दिली नाही. जे आपले आहे ते आपले आहे, याचा विसर तिने तीन पिढ्यांस पडू दिला नाही. प्रार्थना सोडून देणे म्हणजे पुष्कळदा हक्कसोडपत्रावर सही करणे असते, आणि समोरच्या पक्षास नेमके तेच हवे असते. उशीर झाला तरी मागणे का सोडू नये, या प्रश्नास आम्हांस याहून चांगले उत्तर माहीत नाही.

आणि आता सर्वांत अधिक लांबलेला दावा. मंगळवेढ्याचे चोखोबा गावकुसाच्या बांधकामावर राबताना भिंत कोसळून १३३८ साली गेले. ज्या विठ्ठलाचा त्यांनी जन्मभर धावा केला त्याच्या मंदिराची पायरी चढण्याची त्यांस मुभा नव्हती; त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. त्या दाराबाहेरची प्रार्थना त्यांच्यामागून पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरास उपोषणास बसले आणि मंदिर सर्वांस खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी ते सुटले. सहाशे नऊ वर्षे! या सहाशे नऊ वर्षांत चोखोबांच्या वंशजांस धीराचा उपदेश करणारे कितीतरी कीर्तनकार होऊन गेले असतील. उत्तर कोठे अडले होते? विठ्ठल विटेवर उभाच होता. दारात उभे होतो ते आपण. शहाण्यास ही गोष्ट एकदा सांगितली म्हणजे पुरे; आम्हांस ती पुन्हा शिकावी लागली. मराठवाडा विद्यापीठास डॉक्टर आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ च्या जुलैत केला, त्यावर याच प्रांतात, नांदेड जिल्ह्यातही, दलितांची घरे जळाली, आणि नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. एका पाटीसाठी पंधरा वर्षे! ती पाटी लावण्यास कोणत्याही दैवी साहाय्याची जरुरी नव्हती.

कोणी म्हणेल, हा सारा जुना इतिहास झाला. मग अलीकडची गोष्ट घ्या. २०२३ च्या सप्टेंबरअखेर नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा आणि रिकाम्या जागा यांविषयी ओरड झाली, सरकारने खुलासे केले, मुंबईच्या उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. कोणते बालक कशाने गेले हे ठरविणे वर्तमानपत्राचे काम नव्हे. आम्ही फक्त त्या रात्री व्हरांड्यात बसलेल्या आयांचा विचार करतो. त्या जे मागत होत्या त्यातील काही भाग तरी असा होता की तो मंजूर करण्याचा अधिकार मंत्रालयातील एखाद्या टेबलावर होता : एक परिचारिका, एक औषधाची खोकी, वेळेवर सुटलेले एक देयक. अशा प्रार्थनेस उशीर झाला म्हणजे त्यास ईश्वरी इच्छा म्हणणे ही ईश्वराची बदनामी आहे.

तरीही, सर्व उपचार वेळेवर होऊनही एखादे मूल जातेच. तेथे प्रतिवादी शोधून सापडत नाही आणि आमचे सगळे कायद्याचे ज्ञान थिटे पडते. अशा घरी जाऊन कोणी पूर्वसंचिताची मीमांसा करू नये. मुकाट्याने शेजारी बसावे आणि दोन दिवस त्या घरचा स्वयंपाक आपल्या घरून पोचवावा.

आता पाऊस. पाऊस पाडणे मनुष्याच्या हातचे नाही, हे आम्हांस मान्य आहे. येथे प्रतिवादी बरोबर आहे. परंतु अर्धाच. २०१६ साली लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावण्याची पाळी आली. मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिल रोजी मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरांची मजल मारून दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरास पोचली, आणि साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत आमच्या शहराचे नाव झळकले. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस असा पाऊस झाला की तेच धरण भरून वाहू लागले. प्रार्थनेस उत्तर मिळाले, उशिरा पण भरघोस मिळाले. त्या उत्तराचे आम्ही काय केले? मांजरेच्या खोऱ्यातील ऊस हटला नाही, विंधनविहिरी खोल खोल जात राहिल्या, आणि शहरातील जुने आड केरकचऱ्याने बुजलेले होते ते तसेच राहिले. ज्याने भांडे उपडे ठेविले आहे त्याने दात्याच्या दिरंगाईबद्दल बोलू नये.

व्यापाऱ्यांस हिशेब आवडतो, म्हणून हिशेबच मांडतो. शंभर चौरस मीटरच्या छतावर वर्षाकाठी सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर सत्तर हजार लिटर पाणी होते. मिरजेहून आलेल्या एका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होते. म्हणजे बेताचे छत असलेला प्रत्येक दुकानदार बऱ्या पावसाच्या वर्षी एक भरलेली वाघीण, आणि वर आणखी काही, गटारात सोडून देतो. मोंढ्यातील आणि गंजगोलाईतील व्यापारी मंडळांस आमची विनंती आहे की येत्या ७ जूनपूर्वी त्यांनी आपापल्या पेठेतील छतांची मोजणी करावी, किती छतांना पन्हळ आणि टाकी आहे आणि किती आड उपसले गेले याचे आकडे आमच्याकडे पाठवावेत. ते आम्ही याच स्तंभात, पेठेच्या नावानिशी, प्रसिद्ध करू. ज्या पेठेकडून आकडे येणार नाहीत तिचेही नाव देऊ.